स्पीडोमीटर समोर नसून मधल्या स्क्रीनवर आहे, रोज सातारा-पुणे करायचं आहे. सवय होईल का?

होईल, वेग बघण्यापुरती नक्की होईल, आठ-पंधरा दिवसांत. टोयोटा इटिऑसमध्ये काटे डॅशबोर्डच्या मधोमधच होते, टाटा नॅनोतही तसेच. मी इटिऑस साताऱ्यातून बरीच वर्षं चालवली. सुरुवातीला नजर स्टिअरिंगमागच्या रिकाम्या जागेवर जायची, नंतर आपोआप डावीकडे वळायला लागली. मान वळवू नका, फक्त डोळे फिरवा. पहिले काही दिवस वाढे फाट्याच्या पुढे सरळ, मोकळ्या रस्त्यावर सराव करा आणि खंबाटकीच्या वळणांवर स्क्रीनकडे अजिबात बघू नका. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते, म्हणून नजर टाकायची ती क्षणभरच. १ जुलै २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांत ८० ओलांडल्यावर बीप वाजतो, १२० च्या पुढे तो सतत वाजत राहतो. तो बंद करून घेऊ नका, या मांडणीत त्याचा फार आधार आहे.

पण एसी, आरसे, वायपर हेही त्याच स्क्रीनवर असतील तर गोष्ट वेगळी. आकडा वाचायची सवय होते, मेनूत बोट घालून बटण शोधायची होत नाही, कारण हाताला काही लागतच नाही. ते सगळं गाडी हलायच्या आधी लावून घ्या. टेस्ट ड्राइव्ह रात्रीची मागा, स्क्रीनचा उजेड डोळ्यांना खुपतो का ते तेव्हाच कळतं.