वाचक विचारतात : चिंचेवरची मोठी वटवाघळे

उन्हाळा सुरू झाला की मोठ्या वटवाघळांविषयी पत्रे येऊ लागतात. त्यांतील काही कुतूहलाची असतात, काही तक्रारीची, तर काही भीतीपोटी लिहिलेली असतात. या अंकात त्यांपैकी निवडक प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. पहिल्या उत्तराला जागा अधिक लागली आहे, कारण पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : आमच्या गावाच्या वेशीवर ओढ्याकाठी चिंच आणि अर्जुनाची जुनी झाडे आहेत. त्यांवर शेकडो मोठी वटवाघळे दिवसभर लटकलेली असतात आणि आजोबांच्या लहानपणापासून ती तिथेच आहेत असे घरात सांगतात. थोड्या अंतरावर दुसरीही मोठी झाडे आहेत, पण तिकडे एकही वटवाघूळ फिरकत नाही. हा प्राणी नेमका कोणता आणि त्याला हीच झाडे का लागतात? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : आपल्या वर्णनावरून हे भारतातील सर्वांत मोठे वटवाघूळ आहे. त्याचे शास्त्रीय नाव टेरोपस मेडियस असे असून जुन्या पुस्तकांत ते टेरोपस जायगँटिअस या नावाने आढळते. पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत आणि नेपाळपासून श्रीलंका व मालदीवपर्यंत त्याचा वावर आहे. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सव्वा ते दीड मीटर भरते, पण एवढ्या पसाऱ्याच्या प्राण्याचे वजन साधारणपणे ६०० ग्रॅम ते दीड किलो एवढेच असते. तोंड कोल्ह्यासारखे निमुळते, डोळे मोठे, कान साधे आणि टोकदार, मान व खांद्यांवर तांबूस-सोनेरी केस आणि पंख काळे, ही त्याची ओळख होय. शेपूट नसते. जवळून पाहण्याचा योग आला तर पंखाच्या कडेवर अंगठ्याच्या मोठ्या नखीखेरीज तर्जनीचीही लहान नखी दिसते. फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या कुळातील ही खूण घरात शिरणाऱ्या कीटकभक्षी पाकोळ्यांत आढळत नाही.

हे वटवाघूळ गुहेत किंवा पडक्या वाड्यात राहत नाही. त्याला दिवसही उघड्या आकाशाखालीच काढायचा असतो. त्यामुळे त्याच्या मुक्कामाच्या झाडात काही गोष्टी असाव्याच लागतात. झाड उंच हवे आणि फांद्यांखाली मोकळी जागा हवी, कारण उडताना ते फांदी सोडून आधी खाली झेपावते आणि मग पंखांवर भार घेते. जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला तिथून थेट उडणे फार कठीण जाते; बहुधा ते सरपटत एखादे खोड गाठते, वर चढते आणि मगच उड्डाण करते. वड, पिंपळ, चिंच, आंबा, अर्जुन, करंज, निलगिरी अशा झाडांवर वसाहती आढळतात त्या याच कारणाने. सततच्या वर्दळीने शेंड्याकडची पाने झडतात आणि फांद्या उघड्या पडतात. अनेकांना त्यामुळे झाड मेल्यासारखे वाटते, पण वटवाघळांना अशा मोकळ्या फांद्या सोयीच्याच असतात.

दुसरी गरज पाण्याची. नदी, ओढा, तलाव किंवा निदान मोठी विहीर जवळ असलेली झाडे ती पसंत करतात. पाण्याजवळची हवा थोडी गार राहते, आणि पिण्याची त्यांची रीतही पाण्याच्या मोकळ्या पृष्ठभागावर अवलंबून आहे. संध्याकाळी धरणाच्या काठी उभे राहिल्यास ती दिसते : वटवाघूळ उडतउडत खाली येते, पाण्याला पोट टेकवून निघून जाते आणि नंतर झाडावर बसून ओले केस चाटते.

एवढ्याने मात्र आपल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर होत नाही, कारण शेजारच्या झाडांनाही उंची आहे आणि ओढाही तोच आहे. इथे परंपरेचा भाग येतो. या प्राण्याचे आयुष्य मोठे असते. बंदिवासात तो तीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. पिले आईबरोबर त्याच झाडावर वाढतात आणि पहाटे परतण्याची जागा म्हणून तेच झाड ओळखतात. त्यामुळे वसाहत टिकते ती पिढ्यान्‌पिढ्या, आणि सोयीच्या दोन झाडांपैकी एकच गजबजलेले दिसते. माझ्या मते याहून मोठे कारण माणसाच्या वागण्यात आहे. जिथे कुऱ्हाड चालत नाही आणि दगड मारले जात नाहीत तिथे ही वटवाघळे राहतात, मग ती देवराई असो, देवळामागचा वड असो किंवा मुंबईच्या राणीच्या बागेसारखे गजबजलेले उद्यान असो. तमिळनाडूत मदुराईजवळच्या पुलियंगुळम गावात एका वडावरची वसाहत लोकांनी ग्रामदेवतेच्या श्रद्धेपोटी सांभाळली आहे. माणसांच्या गोंगाटाची त्यांना सवय होते, छळाची होत नाही.

शिवाय झाड हा त्यांच्या अधिवासाचा केवळ दिवसाचा भाग आहे. अंधार पडल्यावर ती खाद्याच्या शोधात पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत सहज जातात. आज उंबर, उद्या जांभूळ, महिन्याभराने मोह किंवा सावर, असा त्यांचा हंगाम फिरत असतो. त्यामुळे आपल्या ओढ्याकाठची वसाहत टिकण्यासाठी आसपासच्या कित्येक गावांतील फळझाडे आणि जंगलाचे तुकडे शिल्लक असावे लागतात.

प्रश्न : वटवाघूळ आंधळे असते आणि तोंडानेच शी करते, असे आमच्याकडे म्हणतात. यात कितपत तथ्य आहे? (एक विद्यार्थिनी, अमरावती)

उत्तर : दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, दुसरी मात्र निरीक्षणातून आलेली दिसते. हे वटवाघूळ फळाचा घास चावून टाळूवर दाबते, रस आणि मऊ गर गिळते आणि उरलेल्या चोथ्याचा गोळा तोंडातून टाकून देते. झाडाखाली सकाळी असे गोळे पडलेले दिसल्याने तो गैरसमज पसरला असावा. उलटे लटकून विष्ठा आणि मूत्र अंगावर येऊ नये म्हणून ते अंगठ्याच्या नख्यांनी फांदी धरते, क्षणभर सरळ होते आणि काम उरकून पुन्हा उलटे होते. लटकण्यासाठी त्याला जोर लावावा लागत नाही, कारण शरीराच्याच भाराने पायांच्या बोटांतील स्नायुबंध आवळले जाऊन पकड बसते आणि झोपेतही ती सुटत नाही.

डोळ्यांविषयी म्हणाल, तर अंधूक उजेडात त्याला उत्तम दिसते आणि वासाची जाणही तीव्र असते. कीटकभक्षी वटवाघळे सूक्ष्म आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. हे मोठे वटवाघूळ तसे करत नाही. त्याच्या कुळातील, लेण्यांत आणि किल्ल्यांच्या भुयारांत राहणारे एक लहान फलाहारी वटवाघूळ मात्र जिभेने टकटक आवाज काढून अंधारात मार्ग शोधते. आपल्या मोठ्या वटवाघळाला ती सोय नसल्याने विजेच्या बारीक तारा त्याला वेळेवर दिसत नाहीत, आणि पंखांचा पसारा एवढा असतो की दोन तारांना एकाच वेळी स्पर्श होऊन ते जागीच मरते. तारांवर वाळलेली वटवाघळे दिसतात, ती यामुळे.

प्रश्न : एप्रिलमध्ये आमच्या शाळेच्या आवारातील झाडाखाली वटवाघळांची पिले पडलेली सापडतात. दुपारी मोठी वटवाघळेही सारखी पंख हलवत असतात. त्यांना काही रोग झाला असेल का? (एक शिक्षक, नांदेड जिल्हा)

उत्तर : पंख हलवणे हे रोगाचे लक्षण नसून उन्हापासून बचाव करण्याची रीत आहे. पंखांच्या पातळ कातडीत रक्तवाहिन्यांचे जाळे असते. हवा घालून आणि अंगाला लाळ फासून ते शरीर थंड ठेवते. सावली कमी झाली, पाणी आटले आणि उष्णतेची लाट आली तर हे उपाय अपुरे पडतात. २०२० च्या मे महिन्यात उत्तर प्रदेशातील गोरखपूर जिल्ह्यात अनेक वटवाघळे एकाच वेळी मरून पडली, तेव्हा करोनाच्या धास्तीने मोठी घबराट झाली होती. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत अतिउष्णता हे मृत्यूचे कारण आढळले.

पिलांचा काळही नेमका हाच असतो. मीलन पावसाळ्यात होते, गर्भधारणा साधारण पाच महिन्यांची असते आणि फेब्रुवारी ते मे या काळात मादीला बहुधा एकच पिलू होते. पहिले काही आठवडे ती त्याला छातीशी घेऊन उडते. नंतर ते जड झाल्यावर रात्री झाडावरच ठेवून चरायला जाते. ते स्वतः उडू लागायला जवळजवळ तीन महिने लागतात. या मधल्या काळात फटाके, दगड किंवा लाउडस्पीकरमुळे झाडावर गोंधळ उडाला की पिले निसटून पडतात.

पडलेल्या पिलाला मुलांनी हात लावू नये. जाड हातमोजे किंवा दुहेरी फडके वापरून मोठ्या माणसाने ते टोपलीत ठेवावे आणि वनविभागाला कळवावे. दूध किंवा पाणी बळेच पाजू नये.

प्रश्न : माझी चिकूची बाग आहे. वटवाघळे दरवर्षी फळे खातात. त्यांना मारण्यास कायद्याने परवानगी आहे, असे ऐकले आहे. ते खरे आहे का? (एक बागायतदार, पालघर जिल्हा)

उत्तर : ही माहिती जुनी आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात फलाहारी वटवाघळांचा समावेश उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूचीच रद्द झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून दुरुस्ती लागू झाली. आता हे मोठे वटवाघूळ दुसऱ्या अनुसूचीत संरक्षित आहे, त्यामुळे त्याला मारणे हा गुन्हा ठरतो. संधिवातावर औषध म्हणून त्याची चरबी काढण्यासाठी होणारी शिकारही त्यात आली. त्या औषधाला वैद्यकीय आधार नाही, हेही इथे सांगून ठेवतो.

आपले नुकसान खरे आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. वटवाघळे पिकलेली आणि झाडावर पिकू लागलेली फळे शोधतात, त्यामुळे तयार फळांची तोडणी लांबवू नये. जाळी लावायची असल्यास ती बारीक छिद्रांची, पांढऱ्या रंगाची आणि ताणून बसवलेली असावी; सैल आणि बारीक धाग्याच्या जाळीत वटवाघळे, पक्षी आणि साप अडकून मरतात. बागेच्या कडेला उंबर किंवा जांभूळ असल्यास काही भार तिकडे वळतो, पण त्याने नुकसान पूर्ण थांबेल असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

जमाखर्चाची दुसरी बाजूही आहे. वड, पिंपळ आणि उंबराच्या बारीक बिया त्याच्या पोटातून अर्ध्या-एक तासात, बहुधा उडतानाच बाहेर पडतात आणि मूळ झाडापासून दूर रुजतात. पांढऱ्या सावरीची फुले रात्री उमलतात आणि मध पिताना या वटवाघळाच्या तोंडावरच्या केसांना लागलेले पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पोहोचतात. कोकणात उंडीच्या फळाचा पातळ गर खाऊन ते बी जसेच्या तसे टाकते. हा लाभ चिकूच्या बागायतदाराच्या हिशेबात थेट जमा होत नाही, हीच खरी अडचण आहे.

प्रश्न : निपाहच्या बातम्या आल्यापासून आमच्या सोसायटीजवळचे वटवाघळांचे झाड तोडावे, अशी मागणी होत आहे. काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : या जातीच्या वटवाघळांत निपाह विषाणू नैसर्गिकरीत्या आढळतो, हे खरे आहे. १९९८-९९ मध्ये मलेशियात त्याची ओळख पटली; भारतात २००१ मध्ये सिलिगुडीला आणि २०१८ मध्ये केरळात कोझिकोड परिसरात साथ आली. महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून नमुने घेतले आणि काही वटवाघळांत या विषाणूची प्रतिपिंडे आढळली. ती वटवाघळे गुहेतील लहान जातींची होती. प्रतिपिंडे आढळणे याचा अर्थ त्या प्राण्याचा कधीतरी विषाणूशी संबंध आला होता, एवढाच होतो.

झाडाखालून गेल्याने हा आजार होत नाही. विषाणू लाळेतून आणि मूत्रातून बाहेर पडतो, म्हणून उष्टी किंवा चोच-दात लागलेली फळे खाऊ नयेत, फळे धुऊन व सोलून खावीत आणि झाडाला उघडे मडके लावून गोळा केलेला कच्चा रस पिऊ नये. बांगलादेशात खजुरीच्या अशाच रसातून वारंवार लागण झाली आहे. झाडाखालची जागा झाडताना तोंडाला फडके बांधावे आणि आधी पाणी शिंपडावे. तिथे वाहने, पिण्याच्या पाण्याची टाकी किंवा मुलांची खेळणी ठेवू नयेत.

झाड तोडल्याने वटवाघळे नाहीशी होत नाहीत. ती विखुरतात आणि शहरातील दहा नव्या जागी बसण्याचा प्रयत्न करतात. ऑस्ट्रेलियात हेंड्रा या निपाहच्या जवळच्या विषाणूच्या अभ्यासातून असे दिसले आहे की अधिवास हरवून उपाशी राहिलेली वटवाघळे माणसांच्या वस्तीजवळ येतात आणि विषाणू पसरण्याचा धोका वाढतो. त्यामुळे आरोग्याच्या कारणासाठी झाड तोडणे हा उलटा उपाय आहे. शिवाय महाराष्ट्रात नागरी भागातील झाडे १९७५ च्या कायद्याने संरक्षित असून वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीविना ती तोडता येत नाहीत. एखादी धोकादायक फांदी छाटणे अपरिहार्यच असेल, तर परवानगी घेऊन ते काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, संध्याकाळी वसाहत उडून गेल्यानंतर करावे आणि फेब्रुवारी ते जून या काळात त्या झाडाला हात लावू नये.