खोकलली की आईची लघवी सुटते, काय करावं?

कापूस वेचायला जाताना आई पाणीच पीत नाही म्हणता, ते आधी थांबवा. घट्ट लघवी मूत्राशयाला उलट जास्त चेतवते, आणि आपल्या विदर्भातल्या उन्हात पाणी तोडणं म्हणजे दुसरं दुखणं. बाळंतपणं, पाळी जाणं, जड ओझी, जुना खोकला यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. लघवी रोखताना आवळतो तेच स्नायू ५ सेकंद आवळायचे, ५ सेकंद सोडायचे. १० वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही. (वेचणी करतानाही जमतं, कुणाला कळत नाही.) फरकाला ३ महिने द्या. अचानक जोराची लागून वाटेतच सुटत असेल तर प्रकार वेगळा, त्यावर गोळ्या असतात. जळजळ, रक्त किंवा अंग बाहेर येत असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. साखरही तपासून घ्या.