जुन्या एलपी आणि ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या एकाच टर्नटेबलवर वाजवायच्या आहेत, कोणतं कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) घेऊ? (शहापूर, बेळगाव)

एमएम (हलत्या चुंबकाच्या) जातीचं घ्या, ज्याची सुई बदलता येते. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ मालिका तुमच्या कामाची. एकदा कार्ट्रिज बसवलं की सुई नुसती ओढून काढायची, दुसरी सरकवायची. एलपीला 'ई' सुई, वजन (म्हणजे सुईचा तबकडीवरचा भार) २ ग्रॅम. ७८ ला 'एसपी' सुई, वजन ५ ग्रॅमच्या आसपास. सुई बदलली की दांड्याच्या मागचं वजन फिरवून हा भार परत लावायचा, हे विसरू नका.

दोन सुया लागतातच. ७८ ची खाच एलपीपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन घासते, गाणं कमी आणि खरखर जास्त. त्याआधी एक बघा: तुमच्या टर्नटेबलला ७८ चा वेग आहे का? बऱ्याच नव्यांना ३३ आणि ४५ एवढेच असतात. नसेल तर 'एसपी'चे पैसे वाचवा.

एमसीच्या (हलत्या तारेच्या वेटोळ्याचं कार्ट्रिज) भानगडीत पडू नका. आवाज उत्तम, पण सिग्नल एमएमच्या दहाव्या हिश्शाइतका, त्याला वेगळा प्रीअँप (सिग्नल वाढवणारं यंत्र) हवा. वर बहुतेकांची सुई घरी बदलता येत नाही.

'रेकॉर्ड झिजू नये' म्हणून वजन कमी ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते. सुईचा भार मोजायचा वजनकाटा स्वस्तात मिळतो.

आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या रेकॉर्डवर बुरशी धरतेच. एलपी आधी धुवा. ७८ ला मात्र स्पिरिट लावू नका, ती लाखेची असते आणि लाख विरघळते.