शर्यतीच्या गाडीतली जागा

प्रश्न : अमेरिकेतील नॅस्कारच्या मोटारशर्यती मी काही वर्षांपासून आवडीने पाहतो. या चालकांची कारकीर्द सुरू कशी होते आणि अजिंक्यपद मिळवलेला चालकही एखाद्या वर्षी अचानक गाडीविना कसा राहतो, हे मला उलगडत नाही. गुणवत्ता सिद्ध झाल्यावर जागा पक्की व्हायला नको का?

उत्तर : आपल्याला पडलेले कोडे एका साध्या वस्तुस्थितीत दडलेले आहे. चालक ज्या गाडीत बसतो, ती गाडी त्याची नसते. गाडी संघाच्या मालकाची असते, तिच्यावरचा रंग आणि नाव प्रायोजकाचे असते, आणि चालक ठरावीक हंगामांच्या करारापुरता त्या आसनावर बसलेला असतो. हे आजचेच आहे असेही नाही. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेची पहिली शर्यत झाली, तेव्हा ली पेटी यांनी आणलेली ब्यूइक गाडी उसनी मागून आणलेली होती. शर्यतीत ती उलटली आणि मोडली. अकरा वर्षांचा त्यांचा मुलगा हे सारे पाहत होता. तोच मुलगा, रिचर्ड पेटी, पुढे २०० शर्यती आणि सात अजिंक्यपदे जिंकून निवृत्त झाला.

ही कारकीर्द लहान वयात सुरू होते आणि तिचा पहिला प्रायोजक बहुधा कुटुंबच असते. मुले पाचव्या-सहाव्या वर्षी क्वार्टर मिजेट नावाच्या चिमुकल्या गाड्या चालवू लागतात. तेथून लेट मॉडेल गाड्यांच्या स्थानिक शर्यती, मग आर्का मालिका, त्यानंतर पिकअप ट्रकची मालिका, दुसऱ्या श्रेणीची राष्ट्रीय मालिका आणि शेवटी कप ही सर्वोच्च मालिका, असा साधारण क्रम असतो. जेफ गॉर्डन यांचे कुटुंब कॅलिफोर्नियातून इंडियानात राहायला गेले, कारण तेथे कमी वयाच्या मुलाला मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत उतरता येत होते. मुलाच्या छंदासाठी घरदार हलवण्याची ही तयारी अनेकांना टोकाची वाटेल, पण गॉर्डन यांची चार अजिंक्यपदे आणि ९३ विजय या निर्णयातूनच उभे राहिले, हे नाकारता येत नाही.

वयाचा नियमही ध्यानात घ्यावा. काईल बुश २००१ मध्ये सोळाव्या वर्षी ट्रक मालिकेत धावत होते. कॅलिफोर्नियातील एका शर्यतीच्या वेळी त्यांना माघारी पाठवण्यात आले, कारण त्या आठवड्याच्या कार्यक्रमाचा प्रायोजक सिगारेटचा होता आणि तंबाखू कंपन्यांनी केलेल्या कायदेशीर समझोत्यानुसार अशा कार्यक्रमात अठरा वर्षांखालील स्पर्धकाला भाग घेता येत नव्हता. नॅस्कारने लगेच पुढच्या हंगामापासून किमान वय १८ केले. आज छोट्या धावमार्गांवरील ट्रक शर्यतींत सोळाव्या वर्षापासून उतरता येते, कप मालिकेसाठी मात्र १८ वर्षे पूर्ण असावी लागतात.

आता अजिंक्यवीर गाडीविना कसा राहतो, ते पाहू. मॅट केन्सेथ हे २००३ चे विजेते. २०१७ मध्ये ते ४५ वर्षांचे होते आणि त्यांच्या संघाने पुढच्या वर्षासाठी त्यांची गाडी एरिक जोन्स या तरुण चालकाला देण्याचे आधीच जाहीर केले होते. त्याच हंगामात, जागा गेल्याचे ठाऊक असताना, केन्सेथ यांनी नोव्हेंबरात फिनिक्सची शर्यत जिंकली. दुसरे उदाहरण पुन्हा काईल बुश यांचे. दोन अजिंक्यपदे त्यांच्या नावावर होती, पण २०२२ च्या हंगामानंतर थांबत असल्याचे त्यांच्या दीर्घकाळच्या प्रायोजक कंपनीने सांगितले आणि तेवढ्या तोलाचा नवा प्रायोजक वेळेत न मिळाल्याने पंधरा हंगामांनंतर त्यांना संघ बदलावा लागला. त्यातच २०१६ पासून ‘चार्टर’ची व्यवस्था आली आहे. ३६ चार्टर असलेल्या गाड्यांना प्रत्येक शर्यतीत प्रवेशाची हमी आणि उत्पन्नाचा वाटा मिळतो. उरलेल्या मोजक्या जागांसाठी इतरांना पात्रता फेरीतून झगडावे लागते. हे चार्टरही संघमालकाकडे असते, चालकाकडे नसते. म्हणजे साऱ्या जगातून पूर्ण हंगामासाठी खात्रीच्या जागा छत्तीसच, आणि त्या वाटणारे हात त्याहून कितीतरी कमी.

आपण विचाराल की, मग चालकाने स्वतःच गाडीचे मालक का होऊ नये? काहींनी ते करून पाहिले, आणि या खेळातल्या ज्या दोन कारकिर्दींविषयी मला सर्वाधिक आदर वाटतो, त्या अशाच दोघांच्या आहेत.

व्हर्जिनियातील डॅनव्हिलचे वेंडेल स्कॉट हे कृष्णवर्णीय चालक आपली जुनी गाडी स्वतः दुरुस्त करत, मुलांना मदतनीस म्हणून बरोबर नेत आणि मोठ्या प्रायोजकाच्या आधाराशिवाय वर्षानुवर्षे शर्यतीत उतरत. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे त्यांनी सर्वोच्च मालिकेतली शर्यत जिंकली. विजयाचा झेंडा मात्र बक बेकर यांना दाखवला गेला आणि करंडकही त्यांनाच दिला गेला. प्रेक्षक पांगल्यावर फेऱ्यांची मोजणी चुकल्याचे मान्य करून स्कॉट यांना विजेते ठरवण्यात आले, पण ज्या गर्दीसमोर त्यांना तो मान मिळायला हवा होता, ती गर्दी तेव्हा तेथे उरली नव्हती. १९७३ मध्ये टॅलाडेगाच्या अपघातात झालेल्या दुखापतींनी त्यांची कारकीर्द जवळजवळ संपवली. नॅस्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना २०१५ मध्ये स्थान मिळाले, तेव्हा त्यांना जाऊन चोवीस वर्षे लोटली होती.

दुसरे ॲलन कुलविकी. मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतलेले हे विस्कॉन्सिनचे गृहस्थ स्वतःच्या छोट्या संघाचे मालक आणि चालक होते. ज्युनियर जॉन्सन यांच्या बलाढ्य संघाने त्यांना आपली गाडी देऊ केली होती, तिला त्यांनी नकार दिला. १५ नोव्हेंबर १९९२ रोजी ॲटलांटाच्या शेवटच्या शर्यतीत अजिंक्यपद कोणाला, हे ठरायचे होते. सर्वाधिक फेऱ्यांत आघाडीवर राहणाऱ्याला पाच जादा गुण मिळत असत. बिल एलियट १०२ फेऱ्यांत आघाडीवर राहिले, कुलविकी १०३ फेऱ्यांत. शर्यत एलियट यांनी जिंकली, कुलविकी दुसरे आले आणि एकूण दहा गुणांनी अजिंक्य ठरले. ते पाच गुण एलियट यांच्याकडे गेले असते तर दोघांचे गुण सारखे झाले असते आणि हंगामात जास्त शर्यती जिंकल्यामुळे मान एलियट यांना मिळाला असता. एका फेरीने हंगाम फिरला. रिचर्ड पेटी यांची अखेरची आणि जेफ गॉर्डन यांची पहिली कप शर्यतही हीच. पुढच्याच वर्षी १ एप्रिलला ब्रिस्टलच्या शर्यतीला जाताना विमान अपघातात कुलविकी यांचा मृत्यू झाला.

प्रश्न : गाड्या गोल धावमार्गावर डावीकडेच वळत राहतात. गाड्याही जवळपास सारख्याच असतात. यात चालकाचे कौशल्य ते काय?

उत्तर : आधी एक दुरुस्ती सुचवतो. सोनोमा किंवा वॉटकिन्स ग्लेनसारख्या वळणावळणाच्या मार्गांवरही कप मालिकेच्या शर्यती होतात आणि तेथे गाडी दोन्ही बाजूंना वळवावी लागते. न्यूझीलंडचे शेन व्हॅन गिसबर्गन यांनी २ जुलै २०२३ रोजी शिकागोच्या रस्त्यांवर आपली पहिलीच कप शर्यत जिंकली, ती अशाच शर्यतींत घडलेल्या कसबावर. पदार्पणात विजय मिळवणारा चालक त्याआधी १९६३ मध्ये दिसला होता.

अंडाकृती धावमार्गाविषयी म्हणाल, तर ते सारे एका मुशीतले नाहीत. मार्टिन्सव्हिलची एक फेरी साडेआठशे मीटरच्या आसपास भरते. तेथे सारा खेळ ब्रेक जपण्याचा आणि शेजारच्या गाडीचे धक्के सोसण्याचा असतो. डेटोनाची फेरी अडीच मैलांची आहे आणि वळणावर रस्ता ३१ अंशांनी कललेला आहे. तेथे ब्रेकला क्वचितच हात लागतो आणि सगळे काही हवेवर ठरते. एका गाडीमागे दुसरी अगदी चिकटून धावली, तर दोघींना मिळून हवेचा अडथळा कमी होतो आणि त्या एकट्या गाडीपेक्षा वेगाने जातात. ज्युनियर जॉन्सन यांची १९६० च्या डेटोना ५०० या पाचशे मैलांच्या शर्यतीतली शेव्हरोले इतरांहून मंद होती. सरावात त्यांच्या लक्षात आले की वेगवान गाडीच्या मागे लागले की आपणही तिच्याइतकेच पळतो. त्याच युक्तीवर त्यांनी ती शर्यत जिंकली. गाडी कमी प्रतीची असूनही हवेचे वागणे इतरांआधी ओळखले, हे मला तरी मोठे कौशल्य वाटते.

त्याहून अवघड आणि पडद्यावर न दिसणारे कौशल्य म्हणजे गाडी अंगाने ऐकणे. सुकाणू वळवूनही गाडीचे तोंड बाहेरच्या भिंतीकडेच सरकत राहिले, तर चालक तिला ‘टाइट’ म्हणतो; मागची चाके घसरून शेपूट बाहेर फेकले जाऊ लागले, तर ‘लूज’. किंचित लूज गाडी वेगवान असते, पण तिच्यात आणि गिरकीत अंतर फार थोडे असते. शर्यत चालू असताना इंधन जळून गाडी हलकी होते, टायर झिजतात, रस्त्यावर रबराचा थर साचतो, ऊन कलले की डांबर थंड होते, आणि तासापूर्वी अचूक वाटणारी गाडी परकी वाटू लागते. वळणात शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना ती बिघडते, हे चालकाला पन्नास अंशांहून तापलेल्या गाडीतून, दोन्ही बाजूंना प्रतिस्पर्धी असताना, रेडिओवरून क्रू चीफला, म्हणजे गाडीच्या तांत्रिक प्रमुखाला, मोजक्या शब्दांत सांगता आले पाहिजे. त्यावरून पिटमध्ये, म्हणजे धावमार्गालगतच्या थांब्यावर, टायरमधली हवा कमीजास्त होते किंवा मागच्या काचेतून पाना घालून स्प्रिंगवरचा ताण बदलला जातो. वर्णन चुकले तर उपायही चुकतो. म्हणून चांगला चालक आणि त्याचा क्रू चीफ यांची जोडी वर्षानुवर्षे जपली जाते. जिमी जॉन्सन यांच्या सातही अजिंक्यपदांच्या वेळी क्रू चीफ चॅड नॉस हेच होते.

प्रश्न : इतक्या वेगात जिवाची शाश्वती काय? आणि हे चालक थांबायचे कधी, हे कसे ठरवतात?

उत्तर : धोका आजही आहे, मात्र त्याचे स्वरूप बदलले आहे. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट यांची गाडी भिंतीवर आदळली आणि सात अजिंक्यपदे जिंकलेल्या या चालकाचा कवटीच्या तळाचे हाड मोडून मृत्यू झाला. आदल्याच वर्षी ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तीन तरुण चालक नॅस्कारच्या धावमार्गांवर दगावले होते. अशा धडकेत पट्ट्यांनी बांधलेले धड जागीच थांबते, डोके मात्र पुढे फेकले जाते आणि सारा ताण मानेवर व कवटीच्या तळावर येतो. हेल्मेटला खांद्यावरच्या चौकटीशी जखडून ठेवणारे हान्स नावाचे साधन त्याआधीही उपलब्ध होते, पण ते अवघडल्यासारखे वाटते म्हणून अनेक चालक टाळत असत. ऑक्टोबर २००१ मध्ये मान व डोके जखडणारे साधन सक्तीचे झाले, आणि २००२ पासून काँक्रीटच्या भिंतींपुढे पोलादी नळ्या व फोमचे ठोकळे असलेली, धक्का शोषून घेणारी भिंत उभी राहू लागली. अर्नहार्ट यांच्यानंतर कप मालिकेच्या शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही. २०२० च्या डेटोना ५०० मध्ये रायन न्यूमन यांची गाडी उलटून तिच्यावर दुसरी गाडी आदळताना पाहणाऱ्यांनी आशा सोडली होती. दोन दिवसांनी ते दोन मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर पडले.

थांबण्याच्या वेळेला मात्र ठरलेले वय नाही. हॅरी गँट यांना पहिला कप विजय ४२ व्या वर्षी मिळाला आणि शेवटचा ५२ व्या. याउलट आज अनेकांची कारकीर्द मेंदूला बसलेला हादरा ठरवतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. डेल अर्नहार्ट ज्युनियर २०१६ चा अर्धा हंगाम या कारणाने मुकले आणि पुढच्या वर्षाअखेर पूर्णवेळ शर्यतींतून बाजूला झाले. २००४ चे विजेते कर्ट बुश यांची गाडी जुलै २०२२ मध्ये पोकोनो येथे पात्रता फेरीत मागच्या बाजूने भिंतीला धडकली. धडक पाहताना साधी वाटली होती, पण डॉक्टरांची परवानगी त्यांना पुन्हा मिळाली नाही. नव्या पिढीच्या त्या गाडीचा मागचा सांगाडा फार ताठ असल्याची चालकांची तक्रार होती आणि पुढच्या हंगामासाठी तो बदलण्यात आला. चालकांनी लक्षणे लपवण्याऐवजी उघडपणे सांगायला सुरुवात केली, हा बदल मला कोणत्याही भिंतीइतकाच मोलाचा वाटतो, कारण जागा जाण्याच्या भीतीने गप्प राहणे हा या पेशाचा जुना आजार होता.

प्रश्न : या मालिकेत स्त्री चालक यशस्वी झाल्या आहेत का?

उत्तर : कप शर्यत अद्याप कोणा स्त्रीने जिंकलेली नाही. डॅनिका पॅट्रिक यांनी २०१३ च्या डेटोना ५०० साठी पात्रता फेरीत सर्वांत वेगवान वेळ देऊन शर्यतीच्या सुरुवातीचे पहिले स्थान पटकावले आणि शर्यतीत त्या आठव्या आल्या. त्यांच्या कितीतरी आधी, १९७७ मध्ये, एरोस्पेस क्षेत्रात अभियंता म्हणून काम केलेल्या जॅनेट गथ्री डेटोना ५०० मध्ये उतरणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या आणि त्याच वर्षी ब्रिस्टलला सहाव्या आल्या. स्पर्धक म्हणून त्या या कसोटीला उतरल्या होत्या. पण त्यांच्या गाडीवर नाव लावायला पुरेसे प्रायोजक पुढे आले नाहीत आणि १९८० नंतर त्यांना कप मालिकेत गाडी मिळाली नाही.