दूरदर्शन-आकाशवाणीला सरकारने पैसे द्यावेत का?

द्यावेत, पण पैसे देतो म्हणून बातम्याही आम्हीच ठरवणार हे नको.

खाजगी चॅनल जाहिरातीवर चालतं, त्यामुळे जिथे गिऱ्हाईक नाही तिथे ते जाणारच नाही, साधा हिशोब आहे. खाजगी एफएमला तर आपल्याकडे स्वतःच्या बातम्या द्यायचीही परवानगी नाही, लावायच्याच तर आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात. आमच्या गावाकडे पावसाळ्यात लाईट गेली, मोबाईलचा टॉवर झोपला की आजोबांचा सेलवरचा रेडिओ तेवढा चालू, सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या पुण्याच्या बातम्या ऐकल्याशिवाय ते चहाला हात लावायचे नाहीत (आणि आम्हाला बोलूही द्यायचे नाहीत). सह्याद्रीवर शेतीचा कार्यक्रम लागतो, तो टीआरपीवर सोडला तर किती दिवस टिकेल सांगा.

खरी गोची वेगळीच आहे. दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, लागू व्हायला १९९७ उजाडलं, कागदावर स्वायत्त, पण पगारापासून सगळा पैसा मुख्यतः केंद्राकडूनच येतो, मग सरकार कुठलंही असो, त्याच्याविरुद्ध बातमी कोण देणार? ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी घरटी लायसन्स फी भरतात, आपल्याकडेही पूर्वी रेडिओचं लायसन्स असायचं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पण आता कोणी भरेल असं वाटत नाही. त्यापेक्षा पाच वर्षांचा निधी एकदम संसदेने मंजूर करावा, म्हणजे दरवर्षी मंत्रालयापुढे हात पसरायला नको.