एअरलॉकमधून बुडबुडे येत नाहीत. घरची बिअर वाया गेली का?

तुम्ही लिहिलंय की लंडनमधल्या फ्लॅटवर प्लास्टिकच्या बादलीत बिअर लावली, तीन दिवस झाले तरी एअरलॉक (झाकणावरची, आतला वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी) ढिम्म. ओतून देऊ नका! दहातल्या नऊ वेळा दोष बादलीच्या झाकणाचा असतो. रबरी रिंग नीट बसली नाही की कार्बन डायऑक्साइड कडेनं निसटतो, एअरलॉकपर्यंत पोचतच नाही. झाकण न उघडता आत टॉर्च मारून बघा. वर फेस किंवा कडेला तपकिरी वळ दिसला, तर यीस्ट कामाला लागलंय.

खरा निवाडा हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या काचनळीचा. साखरेची दारू होत जाते तसा त्यावरचा आकडा उतरतो. सुरुवातीला १.०५० होतं आणि आता १.०२० असेल, तर आंबवण चालू आहे. आकडा दोन-तीन दिवस हललाच नाही तरच ते थांबलं म्हणायचं. पण आधी हायड्रोमीटर साध्या पाण्यात तपासा. त्यावर छापलेल्या तापमानाला १.००० दाखवायला हवं. माझ्या पहिल्या हायड्रोमीटरमधला आकड्यांचा कागद आतल्या आत सरकला होता. महिनाभर मी यीस्टलाच शिव्या घालत बसलो.

खालची तोटी मात्र प्रत्येक खेपेला पूर्ण खोलून धुवा. आंबट बिअरचं मूळ बहुतेकदा तिथेच, आतल्या चिकट थरात सापडतं. आतून चरे पडलेली बादली सरळ बदला, जंतुनाशक त्या चऱ्यांत नीट पोचत नाही.

(महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडे परवान्याशिवाय हे करणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.)