उभी असताना रेस, चढावर मात्र दम नाही

प्रश्न : नमस्कार ताई. अलीकडेच मी एक जुनी पेट्रोल पिकअप घेतली. इंजिन इंजेक्शनचं, पाच गिअर, अ‍ॅक्सिलरेटर केबलचा. किलोमीटर १,८०,००० च्या वर. गार असताना स्टार्ट केली की आरपीएमचा काटा १८०० वर जातो. तापल्यावर १५०० वर येतो, पण त्याखाली उतरतच नाही. चालवताना बरोबर उलट. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला तरी इंजिन नुसतं घुमतं, काटा रडतखडत चढतो. मागे कुंड्या भरलेल्या असल्या की साध्या चढाला दुसरा गिअर. ‘पिकअपलाच पिकअप नाही’ म्हणून मित्र हसतात. प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर बदलून झाले, काडीचा फरक नाही. मेकॅनिक आता इंजिन खोलू म्हणतोय. डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा मात्र कधीच लागलेला नाही, अगदी किल्ली फिरवतानाही नाही. म्हणजे सेन्सर सगळे ठीकच असणार ना? इंजिन खोलू का?
— रोपवाटिका चालवणारा एक वाचक

उत्तर : दादा, इंजिन खोलू नका. निदान आत्ता तरी नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते) न मोजता इंजिन खोलू म्हणणाऱ्याला आधी गेज लावायला सांगा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते दिव्याचं वाक्य. किल्ली ‘ऑन’ला आणली की तो दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. किल्ली फिरवतानाही लागत नसेल, तर एक तर बल्ब उडालाय किंवा कुणीतरी तो काढून ठेवलाय. विकायला काढलेल्या गाड्यांत हा उद्योग मी भरपूर पाहिलाय. दिवा काढला तरी ईसीएमच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, मेमरीतले बिघाडाचे कोड जात नाहीत. तेव्हा पहिलं काम ते वाचायला स्कॅनर लावायचं. एक आहे, कोड म्हणजे निदान नव्हे. कुठे बघायचं एवढंच तो सांगतो.

आणि जिथे दिव्याला हात लागलाय, तिथे आणखी कुठे लागलाय ते शोधायचं. माझा संशय थ्रॉटल बॉडीवरच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावरच्या) स्टॉप स्क्रूवर आहे. थ्रॉटलची झडप मिटताना जिथे टेकते तो छोटा स्क्रू. कारखान्यातून तो बसवून येतो, बऱ्याचदा त्यावर रंगाचा ठिपका किंवा टोपी असते. ठिपका तुटलेला असेल, खाचेवर पान्याचे ओरखडे असतील, तर समजा तो फिरवलाय. स्क्रू आत गेला की झडप पूर्ण मिटत नाही. हवा जास्त जाते एवढंच नाही, थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा व्होल्टेजही वर राहतो. बऱ्याच गाड्यांत झडप मिटलेली असताना तो साधारण अर्धा ते पाऊण व्होल्ट असतो आणि पूर्ण दाबल्यावर साडेचारच्या आसपास जातो. मिटलेल्या झडपेला जास्त व्होल्टेज दिसला की ईसीएमला वाटतं ड्रायव्हरचा पाय पेडलवर आहे, आणि मग तो आयडल, म्हणजे पाय उचलल्यावरचा इंजिनचा वेग, सांभाळायचं सोडून देतो. स्क्रूला हात लावण्याआधी केबलला थोडी ढील आहे ना, तेही बघा. ताठ केबलही हेच करते.

तो स्क्रू कुणी हौसेने फिरवत नाही. गाडी सिग्नलला बंद पडत असते, गिऱ्हाईक दारात उभं असतं, म्हणून रेस वाढवून दिली जाते. तेव्हा स्क्रू मूळ जागी आणल्यावर गाडी बंद पडू लागली तर घाबरू नका. तोच तिचा खरा आजार, इतके दिवस झाकलेला.

स्क्रू जागचा हललेला नसेल, तर जास्तीची हवा दुसरीकडून येतेय. इथे एक चाचणी फार कामाची आहे. आयडल कंट्रोल व्हॉल्व्हकडे (आयडलपुरती हवा देणाऱ्या झडपेकडे) हवेची जी नळी जाते, ती इंजिन चालू ठेवून कापड लावलेल्या पकडीने दाबायची. (नळी नसेल तर थ्रॉटल बॉडीतलं त्याचं भोक बंद करावं लागतं, ते मेकॅनिककडून करून घ्या.) आरपीएम धाडकन उतरले तर हवा त्याच वाटेने येतेय. म्हणजे व्हॉल्व्ह कार्बनने अडकलाय, किंवा ईसीएमच त्याला उघडं ठेवतोय. इंजिन गारच आहे असं कूलंटच्या सेन्सरने कळवलं की ईसीएम तसं करतो. पण तुमची गाडी १८०० वरून १५०० वर येते, म्हणजे इंजिन तापलेलं तिला बहुधा कळतंय. कूलंटची पातळी तेवढी बघून घ्या. नळी दाबूनही काटा हलला नाही, तर मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाचं) गॅस्केट, पीसीव्हीची (इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढणारी) नळी, ब्रेक बूस्टरची (पेडल हलकं करणाऱ्या डब्याची) नळी अशा जागा एकेक करून तपासायच्या. नळ्या चिमटून बघा, चिरलेलं रबर शोधा, फुसफुस ऐका. जोडांवर साबणाचं पाणी मारलं तरी क्षणभर आवाज बदलतो. कार्ब क्लीनरचा फवारा मारून हवा शोधणारे पुष्कळ आहेत. तापलेल्या इंजिनवर ते पेटतं, मी माझ्या गॅरेजमधल्या मुलांना तो कधी मारू दिला नाही.

ब्रेक दाबल्यावर आयडल बदलत असेल, किंवा पेडल दगडासारखं लागत असेल, तर बूस्टर फुटलाय. मग बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी तो बदला.

आता ओढीचं बघू. क्लच घसरत असता तर काटा भसकन वर गेला असता आणि वेग वाढला नसता. तुमच्याकडे काटाच चढत नाही, म्हणजे क्लचवरचा संशय मिटला. प्लग आणि फिल्टर नवे आहेत. माझं बोट सायलेन्सरच्या लाइनीकडे जातं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याकडे. बाहेरचा रस्ता बंद असेल तर इंजिनला नाक दाबून पळायला लावल्यासारखं होतं.

काढून टाकलेले जुने प्लग टाकले नसतील तर बघा. माझा अंदाज असा. प्लग पार झिजले होते, गाडी मिसिंग करत होती. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत राहिलं आणि आतली जाळी वितळून तुंबली. दिवा लागत होता, तो काढला गेला. तुंबल्यामुळे गाडी आयडलला बंद पडू लागली, तेव्हा स्क्रू फिरवला. तसं असेल तर तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच साखळीतल्या निघतील. पण अंदाजावर कन्व्हर्टर विकत घेऊ नका.

व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोराने ओढतं ते मोजणारं) इनटेक मॅनिफोल्डच्या नळीला जोडा. हे स्क्रू जागी आणल्यावरच करा, नाहीतर उघड्या झडपेमुळे आकडा मुळातच कमी दिसेल. धडधाकट इंजिन समुद्रसपाटीला आयडलवर साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. दर हजार फुटांमागे सुमारे एक इंच कमी धरा. मग २५०० वर एक-दोन मिनिटं धरून ठेवा. काटा हळूहळू खाली सरकत राहिला तर बाहेरचा रस्ता तुंबलाय. गेज नसेल तर इंजिन गार असताना कन्व्हर्टरच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून, वायर सुरक्षित बांधून, एक छोटी फेरी मारा. आवाज कर्कश येईल, पण गाडी अचानक ओढू लागली तर प्रश्न संपला. फेरी छोटीच ठेवा, त्या भोकातून तापलेला धूर थेट बाहेर येतो.

व्हॅक्यूम टिकला तर पेट्रोलकडे वळा. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा, बघा. आयडलला दहा टक्क्यांच्या वर आणि २५०० ला जवळपास शून्य असेल, तर हवा गळतेय. लोड देताना वाढत जात असेल, तर पंप कमजोर आहे किंवा एअर फ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) मळलाय. तुमच्या गाडीत हा सेन्सर नसून मॅनिफोल्डचा दाब मोजणारा असेल, तर गळती ट्रिममध्ये फारशी दिसणारच नाही, नुसतं आयडल चढेल. एअर फ्लो सेन्सर साफ करायचा तर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने, आणि तारेला बोट न लावता. पंपाचं प्रेशर गाडी चालवताना मोजायचं, उभ्या गाडीत कमजोर पंपही शहाणा वागतो.

एवढ्यातून काही निघालं नाही तर टायमिंग आणि ताणलेली चेन, मग कॉम्प्रेशन.

तपास होईपर्यंत गाडी भरू नका. कन्व्हर्टर तुंबलेला असेल तर भयंकर तापतो, म्हणून वाळलेल्या गवतावर उभीही करू नका. रोपवाटिकेत हे सांगायला हवं.

एक राहिलं. पिकअप घेणारे हौसेने मोठे टायर घालतात. टायरचा व्यास दहा टक्के वाढला की प्रत्येक गिअर तेवढाच जड होतो, स्पीडोमीटरही कमी वेग दाखवतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या मापाचं स्टिकर असतं. ते माप आणि तुमच्या टायरवरचं माप, दोन्ही पुढच्या पत्रात कळवा.